सुशीलेची सफरचंदाची फिलोज

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी दत्तारामने दोन लाकडी पेट्या ओसरीवर आणून टेकवल्या आणि म्हणाला, "बघ, काय करतंस तां कर. नायतर गुरांक घाल."

सुशीलेने वरची फळी उचकटली. आत पेंढा, पेंढ्यात सफरचंदं. लाल, पण अंगाला मार लागलेली. काहींवर बोटभर तपकिरी डाग, काहींची साल फुटून रस आलेला. तिने एक हातात घेऊन नाकाला लावलं. नवऱ्याला पाणी द्यायचं राहिलंच. ती तिथेच उकिडवी बसून एकेक फळ हुंगत राहिली.

दत्ताराम एरवी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. पावसाळ्यात खाणी बंद, ट्रक उभे. मग तो एका फळवाल्याची गाडी बेळगावहून म्हापशाला आणण्याचं काम धरायचा. या खेपेला आंबोलीच्या घाटात दरड आली होती. गाडी रात्रभर अडकली आणि खालच्या पेट्यांतला माल दबला. म्हापशात तो कोण घेणार? मालकाने चवथीची म्हणून दोन पेट्या ड्रायव्हरच्या हवाली केल्या आणि हात झटकले.

गुरांना घाल, असं तो बोलून गेला खरा. पण सुशीलेच्या मनात तोवर काय शिजू लागलं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सुशीला मूळची दोडामार्गाकडची, भेडशीची. बाप गेल्यावर आईने तिला चौदाव्या वर्षी शिवोलीला एस्पेरांसाबायकडे कामाला ठेवली. बाय एकटी, वयस्कर, स्वयंपाकाची भारी हौशी. पिकलेली केळी कुस्करून, पिठात कालवून, तेलात सोडून ती फिलोज करायची. ती तर सुशीला महिन्याभरात शिकली. पण एका डिसेंबरात बायचा बोटीवरचा मुलगा घरी आला तो हिरवी सफरचंदं घेऊन. बायने त्यांच्या चकत्या केल्या, पिठात बुडवून तळल्या, वरून साखर आणि दालचिनी भुरभुरवली आणि एक चकती चिमट्याने उचलून सुशीलेच्या तळहातावर ठेवली. वरचं कवच कुरकुरीत, आत आंबटगोड, कढत, लोण्यासारखं. जीभ पोळली तरी तिने तोंड उघडलं नव्हतं.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. लग्न होऊन ती हळर्णच्या बाजूला एका वाड्यावर, पंचवीसेक घरांच्या वस्तीत आली. काजू वेचले, दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली, दोन मुली वाढवल्या. सफरचंद आजारी माणसासाठी एखाद-दुसरं घरात यायचं आणि ते मुलींच्या वाटणीला जायचं. तळायला घेण्याइतकी सफरचंदं घरात येतील, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि आज ती दोन पेट्या भरून समोर होती.

गणपतीच्या कामांचा डोंगर बाजूला टाकून तिने त्याच दुपारी कढई चढवली. कणीक, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, भरपूर गूळ. बाय अंडं घालायची, पण चवथीच्या घरात अंडं कुठलं? त्याऐवजी तिने एक पिकलं केळं कुस्करून घातलं. चकती बुडवली, तेलात सोडली. पीठ एका बाजूला गेलं, सफरचंद दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या चकतीला पीठ चिकटलं, पण गूळ जळून ती कोळशासारखी काळी झाली आणि आत फळ करकरीत कच्चंच. थोरली वर्षा शेजारी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आये, ह्यां गुरांकच घालूया." सुशीला खळखळून हसली. तिचा हिरमोड झालाच नव्हता. उलट काय चुकलं ते कळल्याने तिला कधी एकदा पुन्हा करते असं झालं होतं.

पण चवथ आडवी आली. मूर्ती आली, तिच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधली. नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, पपनसासारखं तोरिंजन आणि त्यांच्या मधोमध त्यातल्या त्यात धड अशी पाच सफरचंदं. यंदाची चवथ या घराला मोठी होती. दत्तारामने गेल्या उन्हाळ्यात स्वतःचं कौलारू घर उभं केलं होतं आणि थोरल्या भावाच्या घरचा गणपती सोडून पहिल्यांदा स्वतःच्या घरी पूजा मांडली होती. नव्या घरात पहिला गणपती आला की सगळ्या वाड्याने आरतीला जायचं, असा तिथला रिवाज. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला यांची पाळी होती.

तिथेच मेख होती. वाड्याची आरती यंदा एक राहिली नव्हती. आधीच्या हिवाळ्यात गोवाभर राजभाषा कोंकणी की मराठी यावरून रान पेटलं, तसं ते या वाड्यातही पेटलं. घुमट, म्हणजे मातीच्या घटाला कातडं ताणलेलं वाद्य, वाजवणारा महादेव कोंकणीच्या बाजूला गेला, आरत्या म्हणणारा कृष्णनाथ मराठीच्या. खरं तर दोघंही भांडायचे ते कोंकणीतून आणि देवासमोर म्हणायचे त्या आरत्या मराठी. पण हे त्यांना सांगणार कोण? मे महिन्यात गोवा राज्य झालं, पेडण्याच्या बाजारात पेढे वाटले गेले, तरी या दोघांचं बोलणं सुरू झालं नाही. वाजवणारे एकाकडे गेले आणि गाणारे दुसऱ्याकडे. दत्ताराम कृष्णनाथचा माणूस. त्यामुळे महादेवची बायको विनोदिनी, जिच्याकडे सुशीला दिवसातून दोनदा विरजणाला, विस्तवाला जायची, तिने कुंपण ओलांडणं बंद केलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणं उरकताच सुशीलेने पुन्हा कढई चढवली. पेट्यांतून आता गोड आंबूस वास यायला लागला होता. आज नाही तर कधीच नाही. या वेळी गूळ पिठात अजिबात घातला नाही. चकत्या पातळ कापल्या, बिया कोरून काढल्या, धुतलेल्या पंच्यावर पसरून कोरड्या केल्या, तांदळाच्या पिठात घोळवल्या आणि मगच बुडवल्या. करवंट्यांचा जाळ मंद ठेवला. पीठ सुटलं नाही! चकती फुगली नाही, पण सोनेरी झाली. तिने मोडून पाहिली. आत फळ मऊ. कवच मात्र जाड, चामड्यासारखं.

"कसलो गो वास ह्यो?"

मागच्या दारात विनोदिनी उभी होती. हातात कसलंसं भांडं होतं, रिकामं, निमित्तापुरतं. सुशीलेला काय बोलावं ते सुचेना. तिने अर्धी चकती साखरेत घोळवून पुढे केली. विनोदिनीने ती चावली, डोळे मिटले, पुन्हा चावली.

"वयनी, कवच हलकां जायना," सुशीला म्हणाली. कित्येक महिन्यांचा अबोला या एका वाक्याने मोडला आणि दोघींपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

विनोदिनीने उरलेल्या तुकड्याचं कवच बोटांनी दाबून पाहिलं. तिच्या बापाचं पेडण्यात सोड्याचं दुकान होतं. बाप भजीवाल्यांना गोळी सोडा विकायचा. ते तो पिठात ओततात, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. ती म्हणाली, नारळाचा रस कमी कर आणि सोड्याने पीठ भिजव, पण कढईत सोडायच्या अगदी आधी. मग कोणी जायचं यावर वेळ न घालवता ती निघाली आणि नाक्यावरच्या गोकुळदासच्या दुकानात जाऊन पदराखाली सहा बाटल्या घेऊन आली. गोकुळदासने विचारलं असावं की चवथीला एवढा सोडा कशाला. तिने काय उत्तर दिलं देव जाणे.

पहिली बाटली फोडून ओतली तसं पीठ फसफसलं. सुशीलेने चकती सोडली आणि ती तेलात टम्म फुगून वर आली, उलटी झाली, कडेने जाळीदार झाली. दोघी कढईवर वाकून बघत राहिल्या. बाहेर काढल्यावर तिला दालचिनीची साखर लावली. विनोदिनीने बोटाने टोकरलं, कुर्र आवाज आला, आणि दोघी एकमेकींचे खांदे धरून मुलींसारख्या हसत सुटल्या. सुशीला पुन्हा कढईशी वळली. तिने पुढची चकती बुडवली, पुढची, त्याच्या पुढची. विनोदिनी कापत होती, सुशीला तळत होती. कोणी मागे वळून घड्याळाकडे पाहिलं नाही.

म्हणून अंगणात पावलं वाजली तेव्हा दोघीही दचकल्या. दिवेलागण झाली होती. सुशीलेने जनेलातून डोकावून पाहिलं तर एका बाजूने टाळ घेऊन कृष्णनाथची माणसं येत होती, दुसऱ्या बाजूने घुमटं घेऊन महादेवची. रिवाज मोडायला दोघंही तयार नव्हते. दुसऱ्याच्या आधी जाऊन आटपून यावं, असा दोघांनीही बेत केला होता. आता दोघं समोरासमोर आले. त्यातच एक जोराची सर आली आणि सगळ्यांना एकाच ओसरीत शिरावं लागलं. खांद्याला खांदा लागला, पण तोंडं भिंतींकडे.

दत्ताराम मधे उभा राहून घामाघूम झाला. आधी कोणाची आरती? कृष्णनाथ म्हणाला, यजमान आमचा. महादेव म्हणाला, घर वाड्याचं आणि रिवाज वाड्याचा. दोन्ही बाजूंनी आवाज चढायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुपासारखा, दालचिनीचा, कसला तरी कधी न आलेला वास ओसरीभर पसरला आणि बोलणाऱ्यांची मधेच वाक्यं अडकू लागली.

सुशीला परात घेऊन बाहेर आली. चाळीस-एक माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. पण तिच्या अंगात तेव्हा कढईचीच ऊब होती. तिने परात गणपतीपुढे ठेवली आणि वळली.

"मी नैवेद्य एकदाच दाखवतलंय," ती म्हणाली. "ह्यां थंड झाल्यार मऊ पडता. तेव्हा आरती पण एकदाच जातली."

विनोदिनी दाराशी पिठाळलेल्या हातांनी उभी होती. महादेवने तिला पाहिलं आणि त्याच्या कपाळावरची शीर हलली. तो तिला काही विचारणार, इतक्यात ती म्हणाली, "काय बघतासात? घुमट घेवा."

महादेवने घुमट मांडीवर घेतलं. एक थाप मारली, मग दुसरी. कृष्णनाथ पायाकडे बघत उभा होता. तिसऱ्या थापेला त्याने सूर लावला. कित्येक महिने घुमटाशिवाय गाणारे ते गळे आणि गाण्याशिवाय वाजणारी ती घुमटं एकत्र आली तेव्हा नव्या घराची कौलं थरारली. दत्तारामच्या हातातलं निरांजन हलत होतं. सुशीला मात्र डोळे मिटून मनात एकच म्हणत होती, लवकर आटपा रे, कुरकुरीतपणा जाईल.

गेला नाही. आरती संपल्याबरोबर परात रिकामी झाली, मग दुसरी, मग तळणीतून थेट केळीच्या पानावर. लोक बोटं चोखत होते. कोणी म्हणालं ही भजी, कोणी म्हणालं घारगे. सुशीलेने ठासून सांगितलं, फिलोज, सफरचंदाची. कृष्णनाथने चार खाल्ल्यावर चकती आणखी पातळ हवी होती असं मत दिलं. महादेव म्हणाला, पातळ केली तर आत काय उरणार. या वादाला मात्र दोघं एका बाकावर बसून लागले आणि चुन्याची डबी या हातातून त्या हातात गेली.

आरतीची पथकं लगेच एक झाली असं नाही. त्यानंतरही दोन वर्षं वाड्यात दोन आरत्या फिरल्या. पण सुशीलेच्या घरी तिसऱ्या दिवशी एकच व्हायची. तिथे कोणी वेगळं येण्याची भाषाच काढली नाही.

आणि सुशीलेला काही गप्प बसवेना. चवथीनंतर सव्वा-एक महिन्याने पेडण्याची पुनाव, म्हणजे कोजागिरी पौर्णिमा; जत्रेला सगळा तालुका लोटतो. तिने आणि विनोदिनीने मिळून तिथे जागा मागितली. दत्ताराम म्हापशाहून मार लागलेल्या सफरचंदांच्या पेट्या घेऊन आला, महादेवने चुलीला आडोसा म्हणून मांडव घातला, सोडा बापाच्या दुकानातून विनोदिनीच्या भावाने दिला. खाज्याच्या आणि चण्याच्या दुकानांच्या रांगेत या दोघींची कढई सुरू झाली. सुरुवातीला लोक नुसते बघून पुढे जात. मग एका म्हाताऱ्याने एक घेतली, चार पावलं गेला, थांबला, आणि परत येऊन घरच्यांसाठी पुडी बांधून मागितली. सुशीलेने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. त्यानंतर कढई रिकामी राहिली नाही; संध्याकाळ व्हायच्या आत सफरचंदं संपली, माणसं उभीच होती.

परतीच्या बसमध्ये दोघींना बसायला जागा मिळाली नाही. रिकामी कढई दोघींच्या मधे, केस पिठाने पांढरे, हातांना तेलाचे चटके. पण सुशीलेचं तोंड थांबत नव्हतं. दोन थांबे गेले, कंडक्टरने दोनदा पुढे सरकायला सांगितलं, तरी ती विनोदिनीच्या कानाशी लागून सांगतच होती, की वयनी, अननसाच्या चकत्या अशाच तळल्या तर कसं होईल, आणि विनोदिनी विचार करून म्हणत होती, अननसाला पाणी फार, पीठ धरणार नाही, पण बघायला हरकत नाही.