कळा येण्याआधी

आक्काचं पहिलं बाळंतपण सिझरचं होतं. म्हणून दुसऱ्यालाही ती माहेरीच आली होती, आणि तेही सिझरच करायचं ठरलं होतं. कळांत जुनी शिवण उसवली तर आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण त्यांनी दिलेली तारीख पितृपंधरवड्यात येत होती.

कोडोलीत आमच्या घरी त्या दिवसांत कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही. कळा आपसूक आल्या असत्या तर कुणी काही बोललं नसतं. पण दिवस आपल्या हातात असताना हाच का घ्यायचा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तेव्हा बोलायला बरी म्हणून वडिलांनी मला कोल्हापूरला बरोबर नेलं. माझ्यावर बोलायची वेळ आलीच नाही. बाईंनी समजावलं, की दिवस पुरते भरण्याआधी, कळांशिवाय काढलेल्या बाळाच्या छातीत पाणी राहू शकतं, श्वास जड जातो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"गणपतीतच उरकलं तर न्हाय का चालणार?"

बाई हो म्हणाल्या. का म्हणाल्या, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मुलगी झाली. रडली, पण लगेच तिला धाप लागली. तिला लहान मुलांच्या दवाखान्यात नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. आक्काला टाक्यांमुळं कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. दूध उतरलं तसं आई ते वाटीत काढून द्यायची, मी झाकून न्यायचे. तिथली नर्स म्हणायची, एवढ्यात पाजायचं नाही. मी वाटी तशीच परत आणायचे.

मुलगी गेली तेव्हा पंधरवडा लागायला अवकाश होता. ओल्या बाळंतिणीनं बघू नये म्हणून पुरुषमंडळींनी तिला परस्पर नेलं. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. आक्का रडत नव्हती. तिनं मला खाटेजवळ बोलावलं.

"मला न्हाय दिसली. तू बघितलीयस न्हवं? मग सांग की."

नळी आणि पट्ट्यांमधून मला जेवढी दिसली होती तेवढी मी आठवू लागले. केस दाट होते, असं म्हणाले. मग कानांचं सांगितलं.