उतारावरचा दगड

पन्नास सालच्या सुमारास मी बदलापूरला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. उल्हास नदीच्या जुन्या उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असायचं तिथून, गावातला एक वाटाड्या माणसांना पायी पलीकडे न्यायचा. पात्रातल्या उंच दगडाकडे बघायचा, कान खाजवायचा, मग म्हणायचा, "दगडाच्या गल्याला पानी हाय. आज कोनी उतरू नका."

उताराचा इतिहास कोरून वाटेवर दगड लावायचा हुकूम आला. खाणीपर्यंत जायचा मी कंटाळा केला आणि पात्रातला तोच दगड उपटून आणला. इतिहासही त्या वाटाड्यालाच विचारला. "चांगला दिसतो वर, साहेब," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर रोज तो स्वतः पात्रात दगडाच्या जुन्या जागी जाऊन उभा राहायचा आणि काठावरच्या बायांना ओरडून सांगायचा, "छातीला हाय! थांबा!"

मी दिसलो की पाण्यातूनच रामराम घालायचा. मी कोरलेला इतिहास वाचत असल्यासारखं करायचो.