फोन चालूच होता

वैजूताई सुरमई कापतात तेव्हा बघवत नाही. कोयता खाडकन पडतो, रक्ताचे शिंतोडे माझ्या बाहीवर येतात. पण बर्फाच्या खोक्याला टेकवलेल्या फोनवर त्याच बाई घरी लेकीला समजावत असतात, "कुकरजवळ उभी राहू नकोस हं, सोने. शिट्ट्या झाल्या की सांग."

काल त्यांचा नवरा आला. "पोरं उपाशी आणि तू इथं धंदा मांडून बसलीस!" म्हणत त्यानं त्यांच्या तोंडात भडकावली, पाटी लाथाडली, केस धरले. फोन मासळीत पडला.

शेजारची मोमोवाली धावली. दार्जिलिंगची पोर, पाठीला बाळ बांधलेलं, हातात उकळत्या पाण्याचं पातेलं. तिच्या भाषेत ती काय ओरडली ते आम्हाला कळलं नाही, त्याला मात्र बरोबर कळलं. तो पळाला.

घर आणि धंदा कसा सांभाळावा यावर लोक व्याख्यानं देतात. मी बघत होते: पातेलं उगारलेलं, आणि पाठीवरचं बाळ गाढ झोपलेलं.

मासळीतून बारीक आवाज आला, "आई, शिट्ट्या झाल्या. बाबा गेले का?"

वैजूताईंनी ओठावरचं रक्त पुसलं.

"गेले. गॅस बंद कर, सोने."