केसाचं पांढरं टोक

सुमनचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला, तेव्हा मी प्रॅक्टिकल संपवून हात धूत होते. सुमन म्हणजे कळंबच्या सोपानआबांची सून. गावातल्या एसटीडी बूथवरून बोलताना ती एरवी बारामतीपर्यंत तारेशिवाय ऐकू जावं इतक्या जोरात बोलते. त्या दिवशी आवाज अगदी हळू होता. "बाई, आबा गेलं... सकाळी च्या प्यालं, कप खाली ठिवला, भिताडाला टेकलं ती टेकलंच." मी तिथल्याच स्टुलावर बसले. रडू आलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी हायसंही वाटलं. वर्षभर त्यांचा दमा वाढत चालला होता आणि नळ्या-सुया लावून घेऊन कुठल्यातरी खाटेवर पडून राहायची त्यांना फार भीती होती. ते टळलं. आपल्या ओट्यावर, आपला चहा पिऊन ते गेले. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे ते मात्र दुसऱ्याच एका सुटकेबद्दल, आणि ती सुटका माझी आहे.

बारामतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की इंदापूरच्या माळरानावर उरलेले लांडगे अस्सल लांडगे आहेत की गावकुत्र्यांशी संकर झालेले, हे तपासायचं. रानातल्या जनावराला हात न लावता त्याच्या केसावरून, विष्ठेवरून त्याची जनुकं वाचायची नवी शाखा तेव्हा जगात नुकती आकाराला येत होती. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत माझी वर्गमैत्रीण नलिनी हेच काम करायची. केस तू पाठव, डीएनए मी काढते, असं आमचं ठरलं. आता केस आणायचे कुठून? पिंजऱ्याची चौकशी करत मी कळंबला गेले, तिथे कुणीतरी आबांकडे बोट दाखवलं. त्यांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. पुढे मेंढरं विकून थोडी शेती केली, ऊस भवानीनगरच्या कारखान्याला घालू लागले, पण लोकर काही हातातून सुटली नव्हती. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "लांडगा कशाला धरताय, बाई? त्येचं केस रोज तारंला अडकत्यात. कुत्र्याचं कंचं अन् लांडग्याचं कंचं, ते मी सांगतो की."

आणि खरंच सांगत. वनखात्याच्या काटेरी तारेखालून लांडगे कुठे कुठे सरपटतात, त्या जागा त्यांना आपल्या घराच्या दारासारख्या ठाऊक होत्या. मी त्यांना चिमटे दिले, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्या दिल्या, आणि केसाला बोट लावायचं नाही, पिशवी एकदा बंद केली की उघडायची नाही, असं वर्गात सांगावं तसं दोन-दोनदा बजावलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. त्या हिवाळ्यात मी पार्सलं पाठवत राहिले आणि नलिनीचं पत्र आलं: काहीच मिळत नाही. मी पुष्कळ विचार करून निदान केलं, की प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि डीएनए खराब होतो. पुढच्या हिवाळ्यात पिशव्या बंद, कागदी पाकिटं सुरू. आणि काय सांगू, पाकिटामागून पाकिटं यशस्वी! मी नुसती हवेत. 'केस कागदात ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ठेवू नयेत' असा एक छोटा तांत्रिक लेख मी लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाने तो स्वीकारला. माझ्या बढतीच्या मुलाखतीत दाखवायला हाच एक लेख होता, आणि मुलाखत दोन महिन्यांवर आली होती.

लेखाची कच्ची छपाई विमानटपालाने आली, ती घेऊन मी मिरवत कळंबला गेले. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. जाड भिंगांचा नवा चष्मा लावून ते जो दिसेल त्याच्या सुरकुत्या मोजत होते. "बाई, तुमी इतक्या वाळला व्हय?" हे माझं स्वागत. लेखात नलिनीने काढलेला एका केसाचा मोठा करून छापलेला फोटो होता. तो त्यांनी उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. मग केसाच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या फुगीर टोकावर बोट ठेवलं. "ह्ये काय?" मी म्हटलं, "तेच तर सगळं, आबा. केसाचं मूळ. डीएनए त्यातच असतो." त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "पयल्या सालाला ह्ये मी काढून टाकत हुतो..."

मला आधी कळेचना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. लोकर पिंजायच्या आधी तिच्यातला कोंडा-कचरा काढतात. घाण लोकर कुणाच्या हातात द्यायची नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला कोंडा लागलेला केस कसा द्यायचा? म्हणून माझाच चिमटा घेऊन, बोट न लावता, एकेका केसाचं पांढरं टोक ते खुडून टाकत आणि मग स्वच्छ केस पिशवीत बंद करत. आणि दुसऱ्या वर्षी? दुसऱ्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना ते टोक दिसतच नव्हतं! तारेवर झुबका चिमट्याला लागला, की ते तो तसाच पाकिटात टाकत.

म्हणजे प्लॅस्टिकचा काही संबंधच नव्हता. निदान तो असल्याचा माझ्याकडे काही पुरावा नव्हता. माझ्या कपाटात दोन सूक्ष्मदर्शक असताना, बंद पिशवी उघडायची नाही या माझ्याच नियमापायी मी एकही केस नीट पाहिला नव्हता. आणि मग मी जे बोलले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "आबा, हे आपल्या दोघांतच राहू द्या. कुणाला काय कळणार आहे?"

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, पण आवाज बदलला. "मेंढरू खाल्लं कुत्र्यानं अन् नाव लांडग्याचं, असलं आमी लई बगितलंय, बाई. लोकं काठ्या घिऊन लांडग्यामागं जात्यात. तुमी तसं करू नका. पिशवीनं काय बी केलं न्हाय. चूक माझी हाय, माझं नाव घालून लिवा."

परतीच्या एसटीत भवानीनगर येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेली होते. बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा राग संपून नुसती लाज उरली होती. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहिलं: छपाई थांबवा, आमचा निष्कर्ष चुकला असावा. पत्र लगेच पेटीत टाकलं. मुलाखतीला मी लेखाशिवाय गेले आणि बढती हुकली.

तीन आठवड्यांनी संपादकांचं उत्तर आलं. प्रयोग पुन्हा करा, आम्ही थांबतो; आणि झालेली चूक लेखातून गाळू नका, ती वाचून इतरांच्या चुका टळतील, अशा अर्थाचं. ते पत्र हातात धरून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. हिवाळ्यात आम्ही पुन्हा तारेपाशी. प्रत्येक झुबक्याचे चार वाटे: पिशवीत टोकासकट, पिशवीत टोकाविना, आणि तसेच दोन कागदात. या वेळी आबांना टोकं मुद्दाम खुडायची होती. "न कळत केलं तवा झ्याक जमत हुतं," ते कुरकुरायचे, "आता हात थरथरतोय बगा." नलिनीचा निकाल आला. टोक असेल तर दोन्हीत डीएनए मिळतो, नसेल तर कशातच नाही. मी निकाल वाचून दाखवला, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "म्हंजी पिशवी सुटली?" सुटली, म्हटलं. मग ते मनापासून हसले. लांडगे अस्सल निघाले, हेही मी सांगितलं. त्याचं त्यांना काहीच विशेष वाटलं नाही, कारण त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

लेख छापून आला, त्यात दुसरं नाव त्यांचं. माझी बढती पुढच्या वर्षी झाली. पण मला नेहमी वाटतं ते वेगळंच: त्या दिवशी त्यांनी मान डोलावली असती, तर? आजही कुणी तो लेख मागायला पत्र पाठवतं, तेव्हा मी तो निर्धास्तपणे पाठवते. हे निर्धास्तपण मला आबांनी दिलं.

दहाव्यानंतर मी कळंबला गेले. ओट्यावर त्यांची जागा रिकामी होती, चष्मा कोनाड्यात होता. सुमनने त्याच कोनाड्यातून एक कागदी पाकीट आणि एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. दोन्हींवर नातवाच्या अक्षरात एकच जागा, एकच तारीख, आबा जायच्या आठ दिवस आधीची. "दर येळंला दोन्हीत घालायचं," ती म्हणाली. "म्हनायचं, बाईंनी एकदा सोडली तरी पिशवीवर नजर ठिवाया पायजे." मी दाराच्या उजेडात जाऊन पाकीट उघडलं. मग पिशवी उघडली, माझा नियम मोडून. केस राखाडी, आखूड, थोडी माती लागलेले. आणि दोन्हींत, प्रत्येकाला, पांढरं टोक होतं.