शुक्रवारच्या नोंदी

भिवंडीतल्या त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझे कान गरम होतात. नोकरीत साक्षीदार उलटले, वकिलांनी उलटतपासणीत घाम फोडला, वरिष्ठांनी खडसावलं; ते सगळं पचवलं. पण माझ्याच टेबलावर, माझ्याच कागदावर बोट ठेवून माझी चूक दाखवली ती एका तेवीस वर्षांच्या मुलीनं, आणि तेही ती संशयित म्हणून समोर बसलेली असताना. कुणाचंच नाव देत नाही. बहुतेक जण आज आपापल्या जागी सुखात आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं. मी तिथल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी, रोजची हजेरी आटोपून चहाचा पहिला घोट घेतोय तोच एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. कशेळीकडच्या रस्त्याला त्यांची वडिलोपार्जित शेती होती, तिथे आता गोडाऊन उभी होती. त्यातल्याच एका गोडाऊनच्या माळ्यावर लाकडी पार्टिशन घालून त्यांनी पाच माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. कुठला खोका कुठल्या रॅकवर, कधी आला, कधी जायचा, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर ते आसपासच्या गोडाऊनवाल्यांना पुरवत.

घडलं होतं असं. त्यांचं एक गिऱ्हाईक औषधांचं गोडाऊन चालवायचं. मुदत संपलेला खोका गाडीत चढायला लागला तर कॉम्प्युटर अडवायचा, अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. एका शुक्रवारी ती अडवणूक कुणीतरी काढून टाकली. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे काही जुने खोके गणेशपुरीकडच्या एका दवाखान्यात पोचले. तिथल्या कंपाउंडरनं खोका फोडण्याआधी तारीख वाचली म्हणून निभावलं. त्या न पाहिलेल्या कंपाउंडरला मी आजही मनातल्या मनात सलाम करतो.

मालकांनी छापून आणलेला कागद पुढे सरकवला. अडवणूक काढणाऱ्या कोडच्या ओळींपुढे त्यांच्याकडच्या एका प्रोग्रामर मुलीचं नाव होतं. त्याच शुक्रवारी तिनं पुण्यातल्या नोकरीसाठी राजीनामा दिला होता.

"साहेब, जाता जाता पोरीनं डाव साधला," मालक म्हणाले. "मशीन खोटं बोलत न्हाय. नाव हाय, तारीख हाय, टायम हाय. गुन्हा दाखल करा."

नोकरी सोडणारा माणूस जाताना काहीतरी उद्योग करून जातो, हा आमचा पोलिसी अनुभव. खरं सांगायचं तर निम्मं प्रकरण मी तिथेच मनात मिटवलं होतं. औषधाचा मामला म्हणून औषध निरीक्षकांना पत्र पाठवलं आणि अर्ज चौकशीवर घेतला.

दुपारी मुलीचे वडील आले. पिढ्यानपिढ्या भिवंडीत राहणारं कोकणी मुसलमान कुटुंब, स्वतः लूम दुरुस्त करणारे जॉबर. तेलानं काळी झालेली बोटं एकमेकांत अडकवून ते उभेच राहिले.

"साहेब, पोरीच्या पासपोर्टचा कागद तुमच्याच ठाण्यात आलेला हाय. पुण्याची कंपनी तिला सहा महिने परदेशी पाठवणार. आता गुन्हा लागला तर सगळंच गेलं. चौकशी करा, जरूर करा. पन नीट करा, एवढंच सांगतो."

पासपोर्टची फाइल खरोखरच माझ्या टेबलावर होती, मालकांच्या अर्जाला लागूनच. एकाच मुलीचे दोन कागद, आणि एकावर मी जे लिहीन त्यावर दुसऱ्याचं भवितव्य.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. ठाणे अंमलदार जेवायला गेला होता म्हणून मीच उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज, मागे ट्रकचे हॉर्न. "त्या मुलीला अडकवू नका. तिचा पासवर्ड तिच्या एकटीकडे नव्हता." मी नाव विचारलं तर फोन बंद. नंतर तपास केला तर तो कशेळी नाक्याजवळचा पीसीओ निघाला.

मग मी तिला जबाबासाठी बोलावलं. वडील बाहेरच्या बाकावर, आत महिला पोलीस आणि आमचे हवालदार. हवालदार अक्षराला सुंदर आणि कामाला वाघ. मी मोर्चाच्या बंदोबस्तावर गेलो होतो, म्हणून जबाब त्यांनीच लिहून घेतला. मी परतलो तेव्हा मुलगी तो वाचत होती. ओळ न् ओळ, बोट ठेवून.

"सही कर बेटा," हवालदार म्हणाले.

"नाही करणार, काका."

मी खुर्चीत बसलो आणि जरा आवाज चढवलाच. "का? तू सांगितलंस तेच लिहिलंय ना?"

"लिहिलंय तेच, सर. पण खाली 'माझ्यासमक्ष' असं लिहून तुमची सही आहे. शाईही वाळलेली आहे. आणि तुम्ही तर आत्ता आलात."

हवालदारांनी मान खाली घातली. महिला पोलिसानं खिडकीकडे पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बंदोबस्ताचे दिवस असले की मी सकाळी दहा-पंधरा कोऱ्या कागदांवर सह्या करून हवालदारांकडे देत असे. काम अडू नये म्हणून. सगळीकडे चालायचं, कुणी कधी विचारलं नव्हतं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "सर, उद्या कुणी हा कागद दाखवला तर सगळे म्हणतील, साहेब समोर होते. सही आहे ना! माझंही तसंच झालंय."

पासवर्ड कुणाला दिला होतास, हे मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते. ही स्वतःच्या हातांकडे बघत होती. कुणाला तरी वाचवणारा माणूस असा बसतो. शेवटी म्हणाली, "सर, ऑफिसात चला. आमच्या सर्व्हरवर जुनं काही पुसलं जात नाही. तोच सांगेल."

निघताना मी मालकांना निरोप धाडला, की ऑफिसचं हजेरीचं रजिस्टर काढून ठेवा.

माळ्यावर एका कोपऱ्यात तो सर्व्हर होता. टॉवेल झाकलेला, शेजारी यूपीएस, वर हार घातलेली तसबीर. मालकांनी अभिमानानं सांगितलं, "आपला माल आपल्याच गोडाऊनमंदी. बाहेर कुनाच्या मशीनवर काय ठेवायचं न्हाय." तो मांडला होता याच मुलीनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून. बाहेरच्या इंटरनेटला तो जोडलेलाच नव्हता, म्हणजे जे काही झालं ते याच माळ्यावर बसून झालं होतं.

तिनं मला पडद्यावर दाखवलं. कोडमध्ये कुणी एक ओळ जरी बदलली तरी तिची नोंद होते. कोणी बदलली, कधी, आधी काय होतं. आमच्या ठाणे दैनंदिनीसारखंच, खाडाखोड करता येत नाही. पण त्यांचा एक नियम आमच्यापेक्षा कडक होता. बदल करणाऱ्याला स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येत नसे. दुसऱ्यानं तो वाचायचा, शेरा लिहायचा, मगच तो पुढे जायचा. मंजुरीचा अधिकार दोघांनाच होता: तिला, आणि तिथल्या सिनियर प्रोग्रामरला. त्या शुक्रवारचा बदल तिच्या नावावर होता आणि मंजुरी सिनियरची. शेरा एका शब्दाचा, 'ओके'.

"मी घाईत नीट पाहिलं नाही," असं सिनियरनं मालकांना आधीच सांगितलं होतं. पस्तिशीचा, जवळच्याच गावचा, शांत माणूस. तो दाराशी उभा होता आणि त्याचा चष्मा सारखा खाली घसरत होता.

कोड मला कळत नाही, पण हजेरी कळते. "मागचे सगळे शुक्रवार दाखव," मी म्हणालो. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, आणि ही मुलगी रविवारऐवजी शुक्रवारीच सुट्टी घ्यायची. हजेरीच्या रजिस्टरात प्रत्येक शुक्रवारी तिच्या नावापुढे सुट्टीची लाल रेघ होती. आणि सर्व्हरवर जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी तिच्या नावानं काम झालेलं होतं! माणूस घरी आणि नाव कामावर. फक्त त्या एका शुक्रवारी ती अर्धा तास राजीनामा द्यायला आली, आणि नेमकी त्याच दिवशी गोत्यात आली.

मालक रजिस्टरवर वाकले, मग पडद्याकडे बघत राहिले.

"अजून एक आहे, सर," मुलगी हळूच म्हणाली आणि तिनं तीन आठवड्यांपूर्वीची एक नोंद उघडली. अडवणूक काढणाऱ्या त्याच ओळी, अक्षर न् अक्षर तशाच. त्या वेळी सिनियरच्या नावानं आल्या होत्या आणि तिनं नाकारल्या होत्या. शेरा इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला पण मराठीत होता. तिनं तो वाचून दाखवला: "हे काढलं तर मुदत संपलेलं औषध गाडीत चढेल. कुणाचं तरी मूल ते पिईल. काढू नये."

खाली गोडाऊनमध्ये हमाल खोके उतरवत होते, तेवढाच आवाज.

"साहेब," सिनियर पुढे आला. ऑफिसातली त्याची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. "तिनं काय केलेलं न्हाय. मीच केलं. आन् फोन पन मीच केला हुता."

मग सगळं बाहेर आलं. शुक्रवारी ती नसली की त्याच्या बदलाला मंजुरी द्यायला दुसरं कुणी नसायचं. काम अडू नये म्हणून तिनंच त्याला आपला पासवर्ड दिला होता. तो तिच्या नावानं बदल टाकायचा आणि स्वतःच्या नावानं मंजूर करायचा. त्या दिवशीही, तीन आठवड्यांपूर्वीसारखीच, गोडाऊनवाल्यांनी एका चांगल्या मालाची तारीख चुकीची भरली होती आणि गाड्या अडकल्या होत्या. तो माल सुटेपर्यंत तासभर अडवणूक काढू, मग परत घालू, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात तिचा राजीनामा आला, ऑफिसात गलका झाला, आणि हा विसरला. सोमवारी त्यानं अडवणूक परत घातली, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

"हिला पहिलं प्रोग्रामिंग मी शिकवलं," तो म्हणाला आणि रडायला लागला. "हिच्याच नावावर मी..."

"सर, पासवर्ड मी दिला होता," ती म्हणाली. "नियम मीच केला आणि मीच मोडला. मलाही चूक मान्य आहे."

मालकांनी तिच्यासमोर हात जोडले. "बाय, मी मशीनवरचं नाव वाचलं, मानूस वाचला न्हाय." सिनियरला ते तिथल्या तिथे काढणार होते, पण मुलगीच मध्ये पडली. गोडाऊनवाल्यांना आणि औषध निरीक्षकांना त्यानं स्वतः जाऊन खरं सांगावं, या अटीवर तो राहिला. निरीक्षकांनी त्यांच्या कायद्यानं काय ते केलं. माझ्याकडचा अर्ज मालकांच्या नव्या जबाबासह दफ्तरी दाखल झाला. तो जबाब मात्र खरोखरच माझ्यासमक्ष झाला.

ठाण्यात परतल्यावर मी हवालदारांकडचे उरलेले सही केलेले कोरे कागद मागून घेतले आणि त्यांच्यादेखत फाडले. "तुमची काही चूक नाही," मी म्हणालो, "सवय माझी होती." त्यांनी चहा सांगितला.

पासपोर्टच्या पडताळणीला मी स्वतः मुलीच्या घरी गेलो. एरवी हा अहवाल ठाण्यात बसूनच भरला जायचा. तिच्या आईनं सांदणं आणि चहा पुढे केला, वडील दारापर्यंत सोडायला आले. अहवाल मी माझ्या हातानं लिहिला, कुठलाही गुन्हा नाही, वर्तणूक चांगली. सहीसाठी पेन टेकवलं आणि थांबलो. हवालदारांना हाक मारली.

"वाचा. ओळ न् ओळ. काही चुकलं असेल तर शेरा लिहा, मगच मी सही करतो."

"साहेब, तुमचा कागद मी तपासू?"

"तुम्हीच."

चष्मा लावून ते वाचत बसले, बोट ठेवून, त्या मुलीसारखेच. मग खाकरले. त्यांच्या सुंदर अक्षरात त्यांनी समासात एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'घर क्रमांक चुकला आहे. अर्जाप्रमाणे तपासावा.'

खरंच चुकला होता. मी शेजारच्या चाळीचा नंबर टाकला होता. तो अहवाल तसाच गेला असता तर पुण्याची नोकरी, परदेश, सगळं पुन्हा लटकलं असतं, आणि या वेळी सही माझी होती.

मी नंबर दुरुस्त केला, हवालदारांना पुन्हा वाचायला लावला, आणि मग सही केली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझा एकही कागद दुसऱ्यानं वाचल्याशिवाय ठाण्याबाहेर गेला नाही.