उजनीच्या काठावरचा गुंता

पुण्याची गाडी सकाळची होती. सोलापूरच्या स्टँडवर अम्मा आली होती, थोरला भाऊ अण्णा आला होता, गल्लीतला एक दोस्तही होता. नान्ना आले नव्हते. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. आम्ही पद्मशाली, विणकर, घरात तेलुगू. अम्मानं कडक भाकरी नि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली. "मागावर काम चाललंय, म्हणून नाही आले," ती म्हणाली. काम रोजच चाललेलं असायचं. दोस्त म्हणाला, "काय बे, रडतो का?" मी म्हणालो, धूळ गेली. गाडी सुटली तेव्हा मी मागे वळूनही बघितलं नाही.

रागाचं कारण सांगतो, कारण तो अजून शिळा झालेला नाही. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग होते, टॉवेल निघायचे. मी मागावर उभा राहिलो की सूत तुटायचं. शिकवलं तर माणूस शिकतो, पण नान्ना शिकवत नसत. घरात ते तेलुगू बोलत, रागावले की मराठीत येत, म्हणजे शेडमधल्या प्रत्येक कामगाराला कळावं. "ह्याच्या हातात सूत टिकत न्हाय," एक दिवस ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि माग अण्णाच्या हवाली केले. एका वाक्यात माझा निकाल लागला.

पुण्यात येऊन मी टॉवेलच विकले. हॉटेलांना, लॉजना, पुढे मोठ्या रिसॉर्टना. भाव ठरवताना आवाज चढवायचा, उठून दारापर्यंत जायचं, आणि समोरच्यानं हाक मारली की सावकाश परत बसायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. सगळा माल सोलापूरचा, पण आमच्या शेडमधला एक टॉवेल कधी घेतला नाही. अण्णानं एकदा फोन करून विचारलं, "आपला माल चालंल का तुला?" मी त्याला परक्यापेक्षा कडक भाव सांगितला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तुमच्यापैकी जे तिथंच राहिले त्यांना हे खुपेल. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना विचारून बघा.

एका रिसॉर्टची खरेदी बघणारे फर्नांडिस साहेब मला पहिल्यांदा पानशेतच्या बाजूला मासे धरायला घेऊन गेले. पुण्यात माणसं सुटीच्या दिवशी मासा धरतात, फोटो काढतात आणि परत सोडून देतात. सोलापुरात हे सांगितलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतील. पण पाण्याकाठी माझं डोकं शांत राहिलं, हे मलाच नवल होतं. मग मी गळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नवीन आहात, साधं रीळ घ्या. बेटकास्टिंग जमायला वेळ लागतो." मला वाटलं, पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. मी बेटकास्टिंगच मागितलं, तासभर घासाघीस केली आणि जिंकून बाहेर पडलो.

काय जिंकलं ते नंतर कळलं. या रिळात गळ फेकला की तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेलं चाकच गरगर फिरतं. गळ हवेत मंदावतो, चाक मंदावत नाही. सुटलेली तंगूस मग जाणार कुठं? रिळावरच तिचं घरटं होतं. ते होऊ नये म्हणून अंगठा चाकावर ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. मी मागावरच्या घरातला. मागाच्या सुतानं भरलेल्या रुळाला, बीमला, दोरीनं वजन टांगलं की सूत हवं तेवढंच सुटतं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणून मी रिळाच्या ब्रेकची चकती पार आवळून टाकली. जोरात फेकलं तर गळ पायाशी पडला. चकती सैल केली, तर घरटं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गळाच्या जागी वजन बांधून सराव करायचो. वॉचमन म्हणायचा, "शेठ, गाडीखाली बघा, तिथं मोठा असेल." मी त्याच्यावर खेकसायचो, गुंता कात्रीनं कापायचो आणि नवी तंगूस भरायचो.

मग एका रविवारी वजन पार्किंगच्या पलीकडच्या भिंतीपाशी अलगद पडलं आणि चाक अंगठ्याखाली आपसूक थांबलं. पहिला विचार आला तो नान्नांचा. हे त्यांना दाखवायचं आणि ते वाक्य त्यांना परत घ्यायला लावायचं.

संधी यंदा आली. अम्मा गेल्यापासून नान्ना थकलेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे राहिले. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्यावर त्यांना सोलापूरला सोडायला निघालो, तेव्हा गळाचा रॉड डिकीत होता. टेंभुर्णीच्या अलीकडे हमरस्ता सोडला. केळीच्या बागांमधून, मोटारींच्या पाइपांवरून उडत गाडी उजनीच्या पाण्यापाशी गेली. काठावर एक जण जाळं वाळवत होता. त्याला विचारलं. "टाका की," तो म्हणाला, "पाणी काय माज्या बापाचं हाय?"

मी गळ फेकला. आयुष्यात इतका लांब आणि इतका सरळ कधी गेला नव्हता. मी नान्नांकडे बघितलं. ते काळ्या चष्म्यातून पाणी न्याहाळत होते.

"मासा कुटं हाय?"

"मासा राहू द्या. हात बघा माझा."

"हात काय बघायचा? जल्मल्यापासनं बघतोय. दे हिकडं."

त्यांनी रॉड घेतला, अंगठा कुठं ठेवायचा हे ऐकून न घेता हिसडा दिला, आणि रिळावर भलंमोठं घरटं झालं. मी इतकी वर्षं याच क्षणासाठी थांबलो होतो. मोठ्यानं, जाळंवाल्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा नान्ना, तुमच्याही हातात सूत टिकत नाही!"

जाळंवाला हसला. नान्ना चिडले नाहीत. "व्हय," म्हणाले. "माजा बाप बी मला असंच म्हणायचा. सगळ्यांम्होरं."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"त्या रागात मी रेल्वेनं भिवंडीला निघालतो," ते म्हणाले. "कुर्डुवाडीला उतरलो, परत आलो. मला वाटलं, तू बी मोहोळला उतरशील. म्हणून आलो न्हाय स्टँडवर. निरोप दिला असता म्हंजे तू गेलाच असता की."

"मी गेलोच ना."

"गेलास खरा."

ही माफी नव्हती. समोरच्यानं किती सोडलं हे सौदा करणाऱ्याला बरोबर कळतं, आणि नान्नांनी फार थोडं सोडलं होतं. माग अण्णालाच का, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. 

मी कात्री काढली. त्यांनी माझा हात धरला. "कापतो काय, येड्या?" रीळ रॉडवरून काढून त्यांनी गाडीत मांडीवर घेतलं. टेंभुर्णी गेली, मोहोळ गेलं. ते नव्या डोळ्यांनी एकेक फेरा नखानं उचलत राहिले. एकदाही रस्त्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुण्याला परत यावं लागलं, रीळ सोलापुरातच राहिलं.

पुण्यातले आम्ही सोलापूरकर जेवायला जमलो की कुणीतरी म्हणतं, आता इथंच आपलं घर. मी सगळ्यांत जोरात हो म्हणायचो. माझं दार, माझं कुलूप, मी कमावलेलं. हल्ली मान हलवतो, एवढंच.

परवा फोन केला. "सुटला का गुंता?"

"थोडा ऱ्हायलाय," नान्ना म्हणाले.

"मग ट्रॅव्हल्सनं पाठवून द्या."

"पाठवायला ती काय भाजी हाय? येऊन घिऊन जा."

नंतर अण्णानं स्वतःच्या फोनवरून हळूच सांगितलं, गुंता कधीच सुटलाय. तंगूस नीट गुंडाळून रीळ त्यांनी उशाशी ठेवलंय आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मी नान्नांना लगेच परत फोन लावला, घ्यायला येतो म्हणालो. शेडमध्ये माग चालू होते, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

"कवा?" ते ओरडले.

"शनिवारी!" मीही ओरडलो.