प्रॅक्टिकलच्या बारा पपया

मला हे सांगायचंच नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायची हौस तिथंच फिटली. पण परवा दौंडला लग्नात एका पाव्हण्यानं माझाच किस्सा माझ्याच तोंडावर सांगितला, तोबी चुकीचा. म्हणं, म्हाताऱ्यानं कॉलेजात पपया फेकून मारल्या. मी एकबी पपई फेकलेली न्हाई. जेवढी माती खाल्ली तेवढीच लिहितो, वर एक घास न्हाई.

तर माझी नात रेश्मा. पुण्याला डॉक्टरकी शिकती, तिसरं वर्ष. एका रविवारी घरी आली, वडगाव रासाईला, आन् म्हणली, "आबा, मंगळवारी बारा पपया लागत्यात. लई पिकलेल्या नको, हातात मावतील एवढ्या. दत्तूकाकाच्या पिकअपमधनं कॉलेजवर पाठवा."

"बारा? कशाला?"

"प्रॅक्टिकलला."

पपई माझ्याच रानातली. म्हणलं, डॉक्टरकीत पपईचंबी काही असंल. आपल्याला काय कळतंय?

मग ती फोनवर बोलत गोठ्यामागं गेली. मी चोरून ऐकत नव्हतो. मी आधीपासनं गोठ्यात होतो, तीच माझ्याजवळ आली.

"पपईची सोय झाली गं. आठ आठवड्यांचं धरून करू. गर्भपाताचं हाय हे घरी बोलले न्हाई, आबा लगेच बोंबलतील. ह्या वेळी जमलं न्हाई तर परत चान्स न्हाई."

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? आमच्याकडं पोटुशीसमोर कुणी पपईचं नावबी काढत न्हाई. आन् इथं एक न्हाई, बारा!

मी बोंबललो न्हाई. माझी थोरली बहीण अशीच गेली. चार लेकरांवर पाचवं नको होतं, दवाखान्यात जायला तोंड न्हाई, कुणीतरी पाला दिला, काडी घातली. तीन दिवसांत खलास. तवा मी बारा-तेरा वर्षांचा. तिचं पाणी मागणं अजून ऐकू येतं.

मंगळवारी पिकअपमध्ये पपयांच्या क्रेटशेजारी मीबी चढलो.

"आबा, तुम्ही कशाला?" दत्तू म्हणला.

"पुरावा घेऊन चाललोय."

"कशाचा?"

"गाडी चालव."

सणसवाडीला कंपन्यांच्या बसगाड्यांत तासभर अडकलो. तेवढ्यात मी भाषण पाठ केलं.

कॉलेजात खांद्यावर क्रेट बघून मला कुणी अडवलं न्हाई. उलट एक पोरगं ओरडलं, "पपई आली रे! मामा, वरच्या हॉलमध्ये न्या." म्हणलं, आई गं! सगळ्या कॉलेजाला माहीत हाय, फक्त घरच्यांना न्हाई.

वर चाळीसेक पोरं-पोरी, पांढरे कोट घालून. पुढंच रेश्मा. मी क्रेट टेबलावर आदळला आन् भाषण सोडलं.

"पोरींनो, पपईच्या नादी लागू नका! चुकलं असंल तर चुकलं. असल्या उपायानं बाई मरती, माझी बहीण मेली! लाजू नका, सरळ डॉक्टरकडं जावा!"

चष्मेवाल्या एक मॅडम पुढं आल्या. "आबा, तुमचं अगदी बरोबर आहे. पण हेच डॉक्टर होणार आहेत."

"माझे आबा," म्हणत रेश्मानं कपाळ टेबलावर टेकवलं.

मग मॅडमनी समजावलं. पपई खायची न्हाई. तिचा आकार बाईच्या पिशवीसारखा, आत बिया. जिवंत बाईला हात लावायच्या आधी नळी कशी घालायची, पिशवीला भोक न पाडता आतलं कसं ओढून घ्यायचं, ते पपईवर शिकायचं.

"मग रोजच्या वर्गात काय शिकवता?" मी म्हणलो. गप बसणं मला कवा जमलंय?

"पुस्तकात चार पानं आहेत, आबा," एक पोरगी म्हणली. "सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोडून द्या."

मागनं एक पोरगा उठला. "मला तर हे काम करायचंच नाही, मनाला पटत नाही. पण उद्या एखादी बाई रक्तानं भिजून आली तर? हात थरथरायला नकोत, म्हणून आलोय."

"ह्या एका वर्गासाठी रेश्मानं सहा महिने अर्ज केलेत," मॅडम म्हणल्या.

तेवढ्यात दारात एक टायवाले सर, कॉलेजचे मुख्य. "कसला आरडाओरडा? कोणाच्या घरून तक्रार आलीय का? मी बजावलं होतं, एक जरी तक्रार आली तर हे कायमचं बंद!"

चाळीस डोकी माझ्याकडं वळली. तक्रार म्हंजी मीच की!

"तक्रार कसली, सायेब?" मी म्हणलो. "मी पपईवाला."

"मग ओरडत का होता?"

"ओरडल्याबिगर माल खपतो व्हय?"

सरांना पटलं नसावं. "रेश्मा, हे तुझ्या घरचे आहेत का?"

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. पापणी हलली न्हाई.

"नाही सर. मी ओळखत नाही ह्यांना."

झालं. गावच्या सोसायटीचा दोन वेळचा चेअरमन मी, माझ्या दंडाला धरून वॉचमन म्हणतो, "चलो चाचा, धंदा बाहर करने का." गेटाबाहेर सोडला मला. वरती वर्ग सुरू झाला, माझ्याच पपयांवर.

मॅडमनी रेश्माकडनं नंबर घेऊन फोनवर माफी मागितली. वॉचमननं चहा पाजला. एका माणसाची माफी तेवढी अजून यायचीय. विचारलं की म्हणती, "आबा, खोटं बोलायला सुरुवात तुम्ही केली." लिहून ठेवा नाव: होणारी डॉक्टर, रेश्मा.